वेफर्सचं पाकीट उलटं करून बघा

व्हॉट्सॲपवर दर वर्षा-दोन वर्षांनी एक व्हिडिओ नव्याने फिरतो. कुणीतरी कुरकुरेची एक कांडी चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेतं, कांडी पेट घेते, काळा धूर निघतो आणि मागून आवाज येतो, "बघा, प्लास्टिक आहे!" मग कुटुंबाच्या ग्रुपवर काका-मामींचे हात जोडलेले, 'मुलांना देऊ नका'चे निरोप. हाच प्रयोग कुणी दिवाळीच्या चकलीवर करून बघत नाही. तीही पेटते. पिठात तेल मुरलेलं आहे आणि पाणी जवळजवळ उरलेलं नाही, असा कुठलाही पदार्थ ज्योतीवर धरला की जळणारच.

ती कांडी बनते मका, तांदूळ आणि हरभऱ्याच्या पिठाची. किंचित ओला केलेला भरडा एका जाड नळीत ढकलतात. आत फिरणारा स्क्रू तो रगडत पुढे नेतो. घर्षणाने तापमान शंभर अंशांच्या बरंच वर जातं, पण दाब इतका असतो की पाण्याची वाफ होऊ शकत नाही. नळीच्या तोंडाशी बारीक छिद्र असतं. भरडा तिथून बाहेर पडला की दाब एकदम उतरतो, आतलं पाणी क्षणात वाफ होऊन पसरतं आणि कांडी फुगते. प्रेशर कुकरची शिट्टी घाईने उचलल्यावर वाफ जशी उसळते, तसंच हे. या तंत्राचा जन्मही मजेशीर आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावी फ्लॅकॉल नावाची कंपनी गुरांचं खाद्य बनवत होती. यंत्र तुंबू नये म्हणून कामगार त्यात ओला मका टाकायचे आणि तो फुगून बाहेर यायचा. एडवर्ड विल्सन नावाच्या कामगाराने ते तुकडे घरी नेले, तळून मीठ-मसाला लावला. आज चीज बॉल म्हणून आपण जे खातो, त्याचं मूळ हे असं गोठ्याच्या दिशेचं आहे.

प्लास्टिकच्या अफवेला कंटाळून कुरकुरे बनवणारी पेप्सिको कंपनी २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तशा पोस्ट हटवण्याचा आदेश मिळवून आली. अफवा अर्थातच थांबली नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. पाकिटात काय 'लपवलंय' यावर आपण तासन्‌तास बोलतो, आणि पाकिटाच्या मागे जे उघड छापलेलं असतं ते वाचत नाही. खरं नवल तिथे आहे, आणि काळजी करायचीच असेल तर तिचं कारणही तिथेच आहे. उदाहरणाला सगळ्यात साधा पदार्थ घेऊ: बटाट्याचे वेफर्स. घटक तीनच, बटाटा, तेल आणि मीठ. यात काय असणार समजावून सांगण्यासारखं?

बटाट्यापासूनच सुरुवात करू. भाजीवाल्याकडचा बटाटा आणून घरी वेफर्स तळले की ते बऱ्याचदा तांबूस होतात, कडेला करपतात आणि आत मऊच राहतात. पाकिटातले मात्र एकजात फिकट पिवळे. लोक म्हणतात, काहीतरी रंग घालत असतील. रंग नाही, बटाटाच वेगळा असतो. वेफर्सच्या बटाट्यात दोन गुण लागतात. एक, पाणी कमी आणि घन भाग जास्त, म्हणजे वीस टक्के किंवा त्याहून अधिक. दुसरा, साखर अगदी नावापुरती. कढईत चकती लाल होते ती बटाट्यातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे. या साखरा तापलेल्या तेलात प्रथिनांच्या घटकांशी जुळतात आणि खरपूस रंग-वास तयार होतो. पाव भाजताना, कांदा परतताना हेच होतं. साखर जास्त झाली की खरपूसपणाचं करपणं होतं.

ही साखर वाढवण्याचं काम आपण स्वतःही करतो. बटाटा चार अंशांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवला, की तो थंडीपासून बचावासाठी आपल्या स्टार्चची साखर करू लागतो. नेहमीच्या कोल्ड स्टोरेजमधून आलेला बटाटा म्हणूनच किंचित गोड लागतो. फ्रीजमध्ये बटाटे ठेवणाऱ्यांनी तळणीसाठी ते वापरू नयेत, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप. वेफर्स कंपन्या त्यांचे बटाटे दहा-बारा अंशांवर ठेवतात. तिथे साखर वाढत नाही, पण मोड फुटतात. मग मोड रोखणारं रसायन फवारावं लागतं. एक दुखणं बरं केलं की दुसरं उभं राहतं. खाण्याच्या कारखानदारीत हे पदोपदी दिसतं.

आपल्याकडे शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली 'कुफ्री चिप्सोना' ही खास तळणीची जात आणली. त्याआधी आणि नंतरही कंपन्या 'अटलांटिक'सारखा परदेशी वाण वापरत आल्या. महाराष्ट्रात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो, आणि तिथले शेतकरी वेफर्स कंपन्यांशी करार करून लागवड करतात. कंपनी बियाणं देते, भाव आधी ठरतो, माल ठरलेल्या आकाराचा आणि प्रतीचा लागतो. बाजारभाव चढला की शेतकरी हळहळतो, कोसळला की करार केल्याचं समाधान मानतो.

बियाण्यावरून किती रामायण होऊ शकतं, ते गुजरातेत दिसलं. एफसी-५ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बटाट्याच्या वाणावर पेप्सिकोची नोंदणी होती. २०१९ मध्ये कंपनीने चार शेतकऱ्यांवर, आमचा वाण परवानगीशिवाय लावला म्हणून, प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाईचे दावे ठोकले. देशभर गदारोळ झाला आणि कंपनीने दावे मागे घेतले. भारतीय कायदा शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क देतो, हा विरोधकांचा मुद्दा होता. डिसेंबर २०२१ मध्ये वाण-संरक्षण प्राधिकरणाने ती नोंदणी रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल देऊन तो आदेश रद्द केला. दहा रुपयांच्या पाकिटातल्या चकतीमागे एवढी कोर्टबाजी असेल, असं खाताना मनातही येत नाही.

आता कढईकडे. बटाट्यात जवळपास ऐंशी टक्के पाणी असतं, तयार वेफर्समध्ये दोन टक्क्यांच्या आत. त्यामुळे किलोभर वेफर्सला साडेतीन-चार किलो बटाटे लागतात. पाणी गेलं त्याच्या जागी काय आलं? तेल. साध्या वेफर्समध्ये वजनाच्या सुमारे एक तृतीयांश तेल असतं.

हे तेल आत कधी शिरतं? आपला समज असा, की चकती तेलात बुडालेली असताना. खरं तर तेव्हा आतून वाफ जोराने बाहेर पडत असते आणि ती तेलाला आत येऊ देत नाही. कढईतले बुडबुडे म्हणजे तीच वाफ. बुडबुडे मंदावले, आवाज उतरला, की पाणी संपलं. मग आपण झाऱ्याने वेफर्स बाहेर काढतो, ते निवू लागतात, आतल्या पोकळ्यांत उरलेली वाफ थंड होऊन आक्रसते, दाब उतरतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल या पहिल्या मिनिटाभरात शिरतं. म्हणून झारा कढईच्या काठावर आपटून तेल लगेच झटकायची जुन्या बायकांची सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे. टीपकागदावर पाच मिनिटांनी घातलेले वेफर्स कागदाला तेलकट करतात खरे, पण तोवर उशीर झालेला असतो.

तेल कुठलं, तेही मागे लिहिलेलं असतं. बहुतेक पाकिटांवर पाम किंवा पामोलिन सापडेल. स्वस्त असतं हे एक कारण. दुसरं, हे तेल हवेने लवकर बिघडत नाही, त्यामुळे माल महिनोन्‌महिने खवट होत नाही. जो गुण दुकानदाराच्या फायद्याचा, तोच डॉक्टरांना खटकतो, कारण टिकाऊपणा येतो संतृप्त चरबीमुळे. केरळी केळ्याचे वेफर्स खोबरेल तेलात तळतात, तिथेही हाच हिशेब आहे. खोबरेल तर पामहून जास्त संतृप्त.

खरपूस रंगाची गोष्ट मात्र इथे संपत नाही, आणि तिचा पुढचा भाग एका बोगद्यात घडतो. १९९७ साली स्वीडनच्या दक्षिणेला हॅलँडसोस टेकडीतून रेल्वेचा बोगदा खणत होते. पाणी झिरपू लागलं म्हणून भेगा भरायला एक रसायन टोचलं. त्यात अॅक्रिलामाइड नावाचं विषारी द्रव्य होतं. ते नीट घट्ट झालं नाही, ओढ्याच्या पाण्यात उतरलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या, कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. कुणाच्या अंगात किती विष गेलंय ते मोजायचं ठरलं. अॅक्रिलामाइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून राहतं, त्यावरून अंदाज येतो. तुलनेसाठी बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांचं रक्त तपासलं, आणि स्टॉकहोम विद्यापीठातली शास्त्रज्ञ मंडळी बुचकळ्यात पडली. त्यांच्याही रक्तात ते होतंच. कमी, पण होतं. मग ते येतं कुठून?

जंगली जनावरांत ते जवळपास सापडेना. संशय स्वयंपाकावर गेला. उंदरांना तळलेलं खाद्य दिलं, तर त्यांच्या रक्तातलं प्रमाण वाढलं. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने जाहीर केलं, की बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ तळले-भाजले की त्यांत अॅक्रिलामाइड आपोआप तयार होतं. कुणी मिसळत नाही. बटाट्यात अॅस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, ते ग्लुकोज-फ्रुक्टोजशी १२० अंशांच्या वर जुळलं की हे निपजतं. म्हणजे चव देणारी आणि ही नको असलेली, दोन्ही प्रक्रिया एकाच घरातली भावंडं. उकडलेल्या बटाट्यात ते नसतं, कारण पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. कॉफीत असतं, करपवलेल्या टोस्टमध्ये असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अॅक्रिलामाइडला 'माणसात कर्करोग घडवण्याची बरीच शक्यता' असलेल्या गटात ठेवलंय. हे ठरवलं ते प्रामुख्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. आहारातून माणसांना किती धोका, याचा पुरावा अजून निर्णायक नाही. युरोपने २०१८ पासून वेफर्ससाठी किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा मार्गदर्शक म्हणून धरली आहे. त्याहून जास्त आढळलं तर कंपनीने बटाटा, तापमान, कृती तपासून ते खाली आणायचं.

उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणाचे वेफर्स करणाऱ्या घरांना यात एक जुना प्रकार ओळखीचा वाटेल. चकत्या दोन-तीन पाण्यांतून धुवायच्या, तुरटीच्या पाण्यात ठेवायच्या, उकळत्या पाण्यात अर्ध्याकच्च्या शिजवायच्या आणि मग उन्हात पसरायच्या. धुण्याने आणि उकळण्याने वरचा स्टार्च तर जातोच, पण साखर आणि अॅस्पॅराजिन दोन्ही पाण्यात विरघळणारी असल्याने त्यांचाही काही भाग वाहून जातो. वेफर्स पांढरे राहावेत एवढाच हेतू होता. अॅक्रिलामाइड कमी करायला कारखान्यांत चकत्या गरम पाण्यातून काढतात, ते वेगळं काही नाही.

पाकीट अर्धं रिकामं, या तक्रारीशी मी अर्धाच सहमत आहे. आत 'हवा' नसते, नायट्रोजन असतो. साध्या हवेतही ७८ टक्के तोच, म्हणून घाबरण्यासारखं काही नाही. उरलेल्यातला ऑक्सिजन तेलाला खवट करतो, म्हणून तो हाकलून नायट्रोजन भरतात. शिवाय फुगलेल्या पिशवीमुळे टेम्पोत, एसटीच्या टपावर, टपरीच्या खिळ्याला लटकताना चुरा होत नाही. फरसाणवाल्याकडचे पारदर्शक पिशवीतले ताजे वेफर्स चवीला सरस असतात, यात वाद नाही, पण आठवडाभरात सादळतात आणि थोड्या दिवसांत वास मारू लागतात. दमटपणा, ऑक्सिजन आणि उजेड तिघेही पिशवीतून आत पोचतात. पाकिटाची आतली चंदेरी बाजू त्यांना अडवण्यासाठी असते. ती कागदी चांदी नाही, प्लास्टिकवर निर्वात पोकळीत बसवलेला ॲल्युमिनियमचा थर आहे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी पातळ. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. प्लास्टिकचे थर आणि धातू एकमेकांना असे घट्ट चिकटलेले असतात की ते वेगळे करणं परवडत नाही. भंगारवाला पाण्याची बाटली घेतो, वेफर्सचं पाकीट घेत नाही. म्हणून ती नाल्यात दिसतात.

लडाखच्या सहलीला गेलेले लोक हटकून टम्म फुगलेल्या पाकिटांचे फोटो टाकतात. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. पाकीट भरलं ते मैदानात, आतला वायू मोकळा होऊ पाहतो. माल बिघडलेला नसतो.

गॅसचं वजन मोजत नाहीत, निव्वळ वजन छापावंच लागतं, म्हणजे कायद्याने फसवणूक होत नाही. पण पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटाची किंमत कंपन्या शक्यतो हलवत नाहीत. महागाई वाढली की वजन उतरतं. आकार तोच, फुगा तोच. यावर आता छोटा उपाय छापून मिळतो: 'युनिट सेल प्राइस', म्हणजे ग्रॅममागे किंमत. समजा दहा रुपयांत २५ ग्रॅम. ग्रॅमला चाळीस पैसे, किलोला चारशे रुपये. बटाट्याचा मंडईतला भाव तुम्हाला माहीतच आहे.

मागच्याच बाजूला घटकांची यादी असते, उतरत्या वजनाने. सगळ्यात जास्त जे, ते पहिलं. 'टोमॅटो' असा लाल फोटो पुढे छापला असेल, तर टोमॅटो पावडर किती टक्के आहे तेही लिहायचा नियम आहे. बघा एकदा, हसू येईल. मग घटकांचे सांकेतिक आकडे येतात. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. ६२७ आणि ६३१ म्हणजे चव वाढवणारे क्षार. यातल्या ६३१ बद्दल 'डुकराची चरबी' म्हणून निरोप फिरतात. हे चरबीच नव्हे. ते मांस-माशांपासून काढता येतं, तसंच टॅपिओकासारख्या पिष्टाला आंबवूनही मिळतं. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर प्राणिज स्रोताचा माल त्यात चालत नाही. मांसाहारी असेल तर तपकिरी त्रिकोण असतो.

खरी नजर टाकायची ती सोडियमवर. मीठ छापत नाहीत, सोडियम छापतात, आणि म्हणून आकडा लहान दिसतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. शंभर ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर ते झालं दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि त्यात आमटी, भाजी, लोणचं, पापड सगळं आलं. 'एका वाढणीत दिवसाच्या गरजेचे अमुक टक्के' हा रकाना वाचताना आधी वाढणी किती ग्रॅमची धरली आहे ते पाहावं. मोठं पाकीट चौघांत वाटून खाण्याचा संयम कंपनीने गृहीत धरलेला असतो.

शेवटी प्रश्न राहतो, वेफर नेमकं कशाला म्हणायचं? यावर इंग्लंडात खरोखर खटला चालला. तिथे खाण्याच्या बऱ्याच वस्तूंवर मूल्यवर्धित कर नाही, पण बटाट्याच्या क्रिस्प्सवर, म्हणजे आपल्या वेफर्सवर, आहे. 'प्रिंगल्स' या डब्यात मिळणाऱ्या वेफर्सचे तेव्हाचे मालक प्रॉक्टर अँड गॅम्बल म्हणाले, आमच्या पदार्थात बटाटा जेमतेम ४२ टक्के, बाकी मका-तांदळाचं पीठ आणि तेल वगैरे. साच्यात घडवलेला आकार. हा बटाट्याचा क्रिस्प नाहीच. २००८ मध्ये उच्च न्यायालयाला ते पटलं. मे २००९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: सामान्य माणूस ज्याला क्रिस्प समजून खातो, तो क्रिस्प. थकीत कर होता दहा कोटी पौंडांच्या घरात. कोट्यवधी रुपये खर्चून 'अस्सल बटाटा' दाखवणाऱ्या धंद्यातल्या एका कंपनीने कोर्टात शपथेवर 'आमच्यात बटाटा फारसा नाही' म्हणावं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात आवडलेलं.

आपणही मागे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने पॉपकॉर्नवरच्या तेव्हाच्या कराचा खुलासा केला: सुटे खारे-मसालेदार असतील तर ५ टक्के, पाकीटबंद आणि लेबल लावलेले असतील तर १२, आणि कॅरॅमलचे असतील तर साखरेची मिठाई म्हणून १८. मका तोच.